तळमजल्याची टेप

माझे दाजी लिफ्ट दुरुस्त करतात. हत्यारांची पेटी घेऊन जातात खरे, पण ती उघडायच्या आधी दहा मिनिटं नुसते तळमजल्यावर लिफ्टच्या दारापाशी डोळे मिटून उभे राहतात. कुणीतरी लिफ्ट वर-खाली पाठवत राहतं आणि दाजी ऐकतात. मग सांगतात, "तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे डाव्या रुळाला तेल नाही," किंवा "दाराचं एक चाक झिजलंय." इमारतीतले लोक आधी त्यांना वेड्यात काढतात आणि पेटी उघडल्यावर तोंडात बोट घालतात. ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा आमचे बाबा म्हणाले होते, "मुलगा फारच कमी बोलतो." आई म्हणाली, "ऐकतो तरी. हेही नसे थोडके." हा टोमणा कुणाला होता ते घरात सगळ्यांना कळलं.

लिफ्ट हा पोटापाण्याचा धंदा. त्यांचा जीव अडकला होता तो भलतीकडेच, फंक नावाचं संगीत वाजवणाऱ्या दूर देशातल्या एका माणसात. त्याचं नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ताईनं आणि मी त्याला 'बुवा' करून टाकलं. फंक म्हणजे काय हे दाजींनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, तेव्हा मला कळेल अशा भाषेत. म्हणाले, "तुझं मशीन चालतं ना, तसं. पण पहिला ठोका जोरात, बाकीचे त्याच्यामागून धावत येणार, आणि मधल्या मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवायच्या." मी म्हटलं, माझं मशीन असं चाललं तर मालक मला त्याच पावली घरी पाठवेल.

या बुवांनी तरुणपणी एक अल्बम केला होता, अठरा गाण्यांचा. कंपनीनं त्यातली आठ गाणी उडवली, उरलेली मधेमधे कापली, क्रम बदलला, वर व्हायोलिनं चढवली आणि माल बाजारात आणला. बुवा भांडले, हरले आणि वाजवणंच सोडून बसले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जगभर काही शे माणसं अशी आहेत, ज्यांचं हे दुःख अजून ओसरलेलं नाही. ही माणसं चोरून बाहेर आलेले तुकडे, कार्यक्रमात कुणी गुपचूप टिपलेलं काही, रेडिओवर एकदाच वाजलेलं गाणं, जिथून मिळेल तिथून गोळा करतात आणि तो अल्बम जसा व्हायला हवा होता तसा घरी बसून पुन्हा बांधतात. प्रत्येकाचा वेगळा, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. पुस्तकांच्या निघतात तशा त्याच्या आवृत्त्या निघतात. खरं नाव कुणी लावत नाही. दाजींचं तिथलं नाव 'तळमजला'.

या मंडळींची एक रीत आहे, ती इथेच सांगून ठेवते. कुणी नवी आवृत्ती काढली की खाली एक ओळ लिहायची: 'नवी आली, जुनी पुसा.' कच्चं काम जगात फिरत राहू नये, म्हणून. आणि ज्यांच्याकडे जुनी असेल ते ती खरोखर पुसतात. कुणी तपासायला येत नाही, तरी पुसतात. मला याचं आधी हसू यायचं.

आता टेपचं. बावीस वर्षांपूर्वीचा रविवार, दुपारची वेळ. एका परदेशी रेडिओवर बुवांचं एक गाणं पूर्ण लांबीचं, अकरा मिनिटांचं वाजणार होतं. अल्बमवर कंपनीनं ते चार मिनिटांचं करून ठेवलं होतं. दाजी आठ दिवस त्याच गाण्याचा जप करत होते. आणि नेमकी त्या दुपारी कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत तीन माणसं. दाजी दारातून ओरडत गेले, "रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेव, लाल आणि शेजारचं बटण एकदम दाब, आणि आवाज करू नकोस." रेडिओ टेपरेकॉर्डरला जोडायची वायर घरात नव्हती. ताईनं स्टुलावर रेडिओ ठेवला, त्याच्यापुढे टेपरेकॉर्डर, आणि त्याच्यापुढे स्वतः बसली. अकरा मिनिटं. आपण अगदी गप्प बसलो होतो असं ती नंतर शपथेवर सांगायची.

ती गप्प बसली नव्हती. ती गुणगुणत होती. पायानं ठेका धरत होती, तोही किंचित मागे. तिला पत्ताच नव्हता.

तरी दाजी खूश होते. कारण त्या अकरा मिनिटांची दुसरी नक्कल जगात कुणाकडेच निघाली नाही. काही वर्षांनी घरात कॉम्प्युटर आला, दाजींनी ते गाणं त्या मंडळींना पाठवलं, आणि 'तळमजल्याची टेप' म्हणून ते प्रसिद्ध झालं. लोकांनी दाजींना डोक्यावर घेतलं. फक्त जो तो शेवटी एक प्रश्न विचारायचा: मागे एक बाई गुणगुणते आहे, ती काढता येईल का?

दाजी कामाला लागले. ताईला काढायचं ते काम अकरा वर्षं चाललं. रोज कामावरून आल्यावर तास-दीड तास कानांवर मोठे हेडफोन चढवायचे आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या आवाजाच्या रेघांमधून तिचा आवाज वेचून काढायचा. बुवांच्या बेस गिटारला धक्का लागता कामा नये. उसवायचं काम शिवण्यापेक्षा अवघड असतं, हे मला कुणी सांगायला नको. ताईला या सगळ्याची मजा वाटायची. ती चहा घेऊन खोलीत जायची आणि त्यांच्या एका कानावरचा हेडफोन उचलून विचारायची, "गेले का हो मी?"

"नाही गं. अजून आहेस थोडी."

"मग काढा की. लोक खोळंबलेत."

पहिली आवृत्ती, दुसरी, तिसरी. दर वेळी ताई थोडी कमी. पाचवीच्या वेळी मूळ टेप इतकी झिजली होती की तिच्यावरचा तपकिरी थर झडून ती आरपार दिसायला लागली. एके दिवशी ती मशिनमधेच तुटली. दाजींनी तिची रीळं काढून कचऱ्यात टाकली. सगळं कॉम्प्युटरवर होतंच. आणि कॉम्प्युटरवरचं जुनंही ते दर नव्या आवृत्तीला पुसत गेले. मी एकदा म्हटलं होतं, आपल्यापुरतं तरी ठेवा. म्हणाले, "मीच नियम पाळला नाही तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?" असा हा माणूस. लिफ्टमधे एक जुना स्क्रू परत वापरणार नाही.

सातवी आवृत्ती निघाली तेव्हा ताईचा आवाज बसायला लागून दोन महिने झाले होते. आम्हाला वाटत होतं घसा धरलाय. त्या दिवशी ती खोलीत गेली आणि घोगऱ्या आवाजात तेच विचारलं. दाजींनी तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. अकरा मिनिटं बुवा, स्वच्छ, एकटे. ती म्हणाली, "गेले बाई एकदाची." आणि आम्ही तिघंही हसलो. मीही हसले, हे मला लिहायलाच हवं.

पुढच्या महिन्यात घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशननंतर ताई गळ्यात बसवलेल्या नळीतून श्वास घ्यायची, आणि आवाज म्हणून काही उरलं नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं. त्यातून येणारा आवाज तिला आपला वाटेना. दोन दिवसांत ते खणात गेलं. मग पिना मारलेल्या शाळेच्या वह्या आल्या. ती वहीत लिहायची. कुणाला बोलवायचं असलं की उशाजवळच्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची.

पावणेदोन वर्षं बरी गेली. मग आजार फुप्फुसात उतरला आणि डॉक्टरांनी, आता घरीच ठेवा, असं सांगितलं. दाजींनी रजा टाकली. एक गोष्ट मी कबूल करते, तिचं सगळं ते करायचे. नळी साफ करायचे, अंग पुसायचे, केस विंचरायचे. लिफ्टचे दोर तपासणारे हात, पण कंगवा कधी ओढला नाही. मी रोज दुकानातून चारला सुटले की थेट त्यांच्याकडे जायचे.

अशाच एका दुपारी ताईनं वहीत लिहिलं आणि वही दाजींपुढे धरली: 'ती टेप लावा ना. माझी.'

दाजींनी आधी काही न कळून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. घरात ताईच्या आवाजाचं दुसरं काही नव्हतं. फोनवर बोलून पाठवायचे दिवस आमच्याकडे आले तेव्हा तिचा आवाज गेलेला होता. एका लग्नाच्या चित्रफितीत ती दिसते, तर वरून बँड वाजतो. दाजी उठले, स्पीकर आणला आणि सातवी आवृत्ती लावली. दुसरं होतंच काय. आम्ही तिघं अकरा मिनिटं ऐकत बसलो. ताई मान जराशी वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होती. कुठेतरी आपण असू म्हणून शोधत होती. संपल्यावर तिनं लिहिलं, 'छान साफ झालंय.'

हे तिनं टोचून लिहिलं नव्हतं. म्हणूनच दाजी तिथून उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची शोधाशोध सुरू झाली. त्यांनी त्या मंडळींत लिहिलं की कुणाकडे पहिली, दुसरी, तिसरी, कुठलीही जुनी आवृत्ती राहिली असेल तर मला हवी आहे. कारणही लिहिलं. ज्या माणसानं शेजाऱ्याला कधी 'कसे आहात' विचारलं नाही, त्यानं परक्यांपुढे पदर पसरला. उत्तरं ढिगानं आली आणि सगळी सारखी. फार वाईट वाटलं, तुमच्या शब्दाखातर आम्ही पुसली. एकानं तर लिहिलं की पुसताना माझ्या मनात आलं होतं, ती बाई मला आवडायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "माझ्या बहिणीला साऱ्या दुनियेतून पुसून आलात तुम्ही. सांगून, विनंती करून." दाजी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

तीन आठवड्यांनी एकाचं पत्र आलं. तो कुठल्यातरी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर होता, त्या मंडळींतलं नाव 'गच्ची'. त्यानं लिहिलं होतं: मला लाज वाटते, पण मी नियम मोडला. दुसरी आवृत्ती माझ्या गाडीत एका सीडीवर राहिली आहे. मी ती पुसली नाही, कारण गाडी चालवताना कुणीतरी बरोबर गुणगुणतंय असं वाटायचं, आणि मी एकटा असतो. नक्कल सोबत पाठवतो आहे, माफी असावी.

दाजींनी ती लावली. दुसऱ्या आवृत्तीतच ताईला त्यांनी इतकं दाबून टाकलं होतं की बुवांच्या खाली काहीतरी हलतंय एवढंच जाणवत होतं. शब्द नाही, सूर नाही. मग त्यांनी मला समजावलं की आता काय करायचं. दुसरी आणि सातवी एकावर एक ठेवायची, आणि सातवीच्या रेघा उलट्या करायच्या, वरच्या खाली. जे दोन्हींत सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. बुवा जातील, बेस जाईल, ड्रम जातील. उरेल तो फरक. मला ते लगेच कळलं. कापडाचे दोन तुकडे एकावर एक ठेवले की जादा असेल तेवढं कडेला बाहेर येतं.

"आणि फरक म्हणजे ती," दाजी म्हणाले.

पण मधल्या आवृत्त्यांत त्यांनी टेपचा वेगही सुधारला होता, त्यामुळे दोन्ही गाणी पुढे-मागे सरकत होती. दर तीन-चार सेकंदांचा तुकडा घेऊन हातानं जुळवायला हवा होता. अकरा मिनिटं म्हणजे दोनशेच्या वर तुकडे. केसाएवढी चूक झाली तरी बुवा परत यायचे.

दाजी मधल्या खोलीत जाऊन बसले. सकाळी ताईचं सगळं आवरलं की हेडफोन. तिला भरवलं की हेडफोन. रजा कशासाठी टाकली होती आणि चाललं काय होतं. मी येताना मुद्दाम विचारायचे, "किती तुकडे झाले?" आणि ते आकडा सांगायचे. दिवस आणि आकडे यांची शर्यत लागली होती. ताईचं लिहिणं रोज थोडं बारीक होत होतं.

एका गुरुवारी मला लवकर सुटी मिळाली. त्यांच्याकडे जिना चढत होते तेव्हाच तो आवाज ऐकू आला. पेल्यावर चमचा. घाईचा नाही, थांबून थांबून. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर ताई उशीला टेकून बसली होती, मांडीवर वही उघडी, एका हातात चमचा. आणि मधल्या खोलीत दाजी, पाठ इकडे, कानांवर ते मोठे हेडफोन. दोघांच्या मधे आठ पावलांचं अंतर असेल.

"काय हवंय? कधीपासून वाजवतेयस?" मी विचारलं. तिनं वही मिटली. आणि खिडकीकडे बोट केलं, लाव म्हणून.

मी खिडकी लावली नाही. मधल्या खोलीत गेले आणि त्यांच्या डोक्यावरून हेडफोन खेचून काढले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं: "सगळ्या इमारतींचे दोर न दोर ऐकता आणि घरातला चमचा ऐकू येत नाही? जिवंत आहे ती, तिकडे बाहेरच्या खोलीत आहे. इथे कुणाला शोधताय?" दाजी उभे राहिले. त्यांच्या हातात माउस तसाच होता, त्याची वायर ताणलेली. त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते नुसते वाहू दिले. मग बाहेर गेले आणि तिच्यापुढे गुन्हेगारासारखे उभे राहिले. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. वहीचं एक पान उलटलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं, 'पाणी.'

ते पाणी आणायला गेल्यावर तिनं माझ्यासाठी लिहिलं, 'ओरडू नकोस त्यांच्यावर. करू दे.'

त्यानंतर त्यांनी एक कान उघडा ठेवून काम केलं. नऊ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्यांनी मला दुकानात फोन केला आणि एवढंच म्हणाले, "ये." मी मालकाला न विचारताच निघाले.

स्पीकर पलंगावर, ताईच्या हाताशी ठेवला होता. दाजींनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर, अधूनमधून बुवांच्या बेसचा कुठे एखादा तुकडा, न कापता आलेला. आणि मग ताई. पाण्याखालून यावा तसा, पण तिचाच. गुणगुणणं, पायाचा ठेका, स्टुलाची करकर. खोलीत ताई होती आणि ताईचा आवाज होता, आणि दोन्ही एका जागी नव्हते. मला तिथे बसवेना, पण उठताही येईना.

चौथ्या मिनिटाला दार वाजलं, त्या टेपमधलं. आणि एक चिरका आवाज म्हणाला, "ताई, माझी कात्री कुठंय?"

ती मी होते. एकोणीस वर्षांची. मी त्या दिवशी तिथे होते हे मी साफ विसरले होते. अकरा वर्षं लोक जो आवाज काढायला सांगत होते, त्यात माझाही होता.

"शू," ताई म्हणाली. "हळू बोल. त्यांची टेप चाललीये."

मग दोघींचं दाबून हसणं. मग पुन्हा गुणगुणणं, थेट शेवटपर्यंत. शेवटच्या ठोक्याबरोबर तिचा आवाज अगदी जवळ आला, "हे बंद कसं करायचं गं?" आणि खट्ट.

ताईचा हात स्पीकरवर होता. ती हसत होती. नळीतून नुसती हवा येत होती, पण हसत होती. तिनं वही ओढून लिहिलं, 'बेसूर.' त्याखाली दोन रेघा मारल्या. मग माझ्याकडे बघून, 'आणि तू कर्कश.' मग दाजींचा हात धरला आणि बोटानंच खूण केली, पुन्हा लावा.

तिनं ते त्या दिवशी तीनदा ऐकलं. पुढचे अकरा दिवस दाजी तिच्याजवळून हलले नाहीत. बाराव्या दिवशी दुपारी ती गेली. शांतपणे वगैरे नाही, श्वासासाठी झगडत गेली. दाजींचे हात तिच्या हातांत होते.

महिन्याभरानं मी तिच्या वस्तू आवरत होते. शेवटची वही हातात आली आणि मी पानं चाळत बसले. 'खिडकी लाव.' 'सूप नको.' 'हिच्या दुकानात आज काय झालं?' आणि मग ते 'पाणी' लिहिलेलं पान. मी एक पान मागे गेले. त्या गुरुवारी मी आत आल्यावर तिनं मिटलेलं पान ते. त्यावर एवढंच होतं:

'टेप राहू द्या. इथे येऊन बसा.'

आणि खाली तेच पुन्हा, दुसऱ्यांदा, अक्षर थोडं वाकडं: 'टेप राहू द्या. इथे येऊन बसा.'

तिला टेप नको झाली होती. तेच सांगायला ती चमचा वाजवत होती. आणि मी त्यांना इतकं बोलल्यावर, त्यांचे ते डोळे बघितल्यावर, तिनं ते पान उलटलं आणि पाणी मागितलं.

दाजींना पुसण्यावरून किती बोलले होते मी. आणि आता मीच ते पान पिनांतून अलगद सोडवलं, घडी करून पिशवीत टाकलं, आणि वही होती तिथे ठेवली. घरी जाऊन ते बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं. फाडायला हात झाला नाही.

आठवड्यानं दाजींकडे गेले तर ते टेबलाशी ती वही घेऊन बसले होते. कॉम्प्युटर बंद होता. 'आठवी कधी?' असं लोक विचारताहेत म्हणे, ते उत्तर देत नाहीत. मग म्हणाले, "खरं सांग. मी तिचे तेवढे दिवस त्या खोलीत घालवले. तिला ते हवं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "तिला तेच हवं होतं. हसली किती, पाहिलंत ना."

त्यांनी मान हलवली. मग वहीतून एक पान उचलून दाखवलं. 'बेसूर'चं पान. ते सुटून हातात आलं होतं. पिना मारलेल्या वहीत दोन पानं एकाच कागदाची असतात. एक काढलं की त्याचं जोडपान सैल होतं. पडदे शिवणारीला हे सुचायला हवं होतं. आणि दाजींना तर कुणी सांगायलाच नको, त्यांचा जन्म गेला दोराच्या एका टोकाला लिफ्ट आणि दुसऱ्या टोकाला तिला तोलणारं वजन बघण्यात.

त्यांनी बोटावर डिंक घेतला आणि पानाच्या कडेला सावकाश लावला. पान जागेवर बसवलं, कडेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय लिहिलं होतं ते विचारत नाही."

मी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"ठेवलंयस ना?"

"ठेवलंय."

"पुसू नकोस," ते म्हणाले, आणि डिंक वाळेपर्यंत वहीवर तळहात दाबून बसून राहिले.